द्रव्यसंचय आणि भाड्याचें घर

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. परंतु या पाळण्यांतील वैभव एका दुष्काळांत कसें ओसरतें, हें इ. स. २०१२-१३ सालीं येथील मोसंबीच्या बागांनीं दाखविलें. मोसंबीचें झाड लावल्यापासून नीट फळास येईपर्यंत चार-पांच वर्षें जातात. त्या सालीं विहिरी आटल्या, आणि मुलांप्रमाणें जोपासलेल्या कित्येक बागा वाळून गेल्या. पुढें २०१६ सालीं जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालें व तिचा लौकिक वाढला. परंतु ज्या कुटुंबाचें सर्वस्व एकाच बागेंत होतें, त्याच्या मुलांची फी दुष्काळाच्या सालीं कोठून यावयाची? मालाचा लौकिक निराळा आणि कुटुंबाची निश्चिंतता निराळी.

या अनुभवावरून पुष्कळांस वाटतें कीं, शहरांत एखादें घर घेऊन भाड्यानें दिलें म्हणजे चिंता मिटली. घर वाळत नाहीं, हें खरें. तथापि भाडें म्हणजे निव्वळ नफा नव्हे. उदाहरणार्थ, २० लाख रुपयांच्या घरास दरमहा ६ हजार रुपये भाडें येतें असें धरूं. वर्षाचे ७२ हजार झाले. त्यांतून एक महिना घर रिकामें राहिलें म्हणून ६ हजार, आणि घरपट्टी व डागडुजी यांचे १२ हजार वजा केले, तर ५४ हजार उरतात. म्हणजे शेंकडा २.७० रुपये. जागेची किंमत वाढूं शकते, परंतु ती वाढ घर विकल्यावांचून हातीं येत नाहीं; आणि घरांत अकस्मात् आजारपण आलें असतां एक खोली विकून औषधपाणी करितां येत नाहीं.

शिवाय भाडें कायद्याच्याहि अधीन असतें. मुंबईंत १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या सुमाराच्या दरांवर बांधलीं गेलीं. भाडेकरूंस आधार मिळाला. पण त्या उत्पन्नांत दुरुस्ती भागेना, व कित्येक चाळी जीर्ण झाल्या. सांप्रत सर्व राज्यास १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची, असें तो सांगतो. ज्या पालकांनीं केवळ शब्दावर घर दिलें असेल, त्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

मग करावें काय? याचें उत्तर आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो कपाशींत तुरीचे तास पेरतो. एक पीक गेलें तर दुसरें हात देतें. संचयाचीहि पेरणी अशीच करावी. प्रथम सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेंत असावी. बँक बुडाली तरी एका ठेवीदाराच्या त्या बँकेंतील ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस २०२० पासून विम्याचें संरक्षण आहे. दुसरा भाग सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीसारख्या सरकारी योजनेंत घालावा. ही योजना १९६८ पासून चालू असून तिची मुदत १५ वर्षांची आहे. तिसरा भाग म्युच्युअल फंडाच्या द्वारें अनेक कंपन्यांच्या भागांत विभागावा. यांत चढउतार फार. म्हणून ज्या पैशाची दहा वर्षें गरज नाहीं, तोच तेथें ठेवावा. हे तिन्ही पाये घातल्यावर भाड्याचें घर जरूर घ्यावें. मात्र सर्व दागिने मोडून व डोईजड कर्ज काढून नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्याजवळ धन नसेल, पण काळ आहे, आणि चक्रवाढीस काळच लागतो. ७२ या अंकास व्याजाच्या दरानें भागिलें म्हणजे रक्कम दुप्पट होण्याचीं वर्षें अदमासें निघतात. दरसाल शेंकडा ८ दरानें १ हजाराचे ९ वर्षांत सुमारें २ हजार होतात, आणि ३६ वर्षांत सुमारें १६ हजार. जो कोणी अल्पावधींत दामदुप्पट देऊं म्हणेल, त्याच्यासमोर हाच हिशेब मांडावा व त्याची वाट सोडावी. थेंबे थेंबे तळें सांचतें खरें. परंतु सर्व गांवानें एकाच तळ्यावर विसंबूं नये, हेंहि दुष्काळानें आपणांस शिकविलें आहे.