जखम पाहून होन!

शनिवारी सकाळी गाडी काढायची, कर्जतच्या एखाद्या फार्महाऊसवर नाहीतर थेट लोणावळ्याला... तुमचाही वीकेण्ड प्लॅन साधारण असाच असतो ना? खालापूरचा टोलनाका, फूडमॉलवरचा गरमागरम वडा, घाटाच्या बॅकग्राऊण्डवर दोन-चार फोटो. पण ज्या डोंगरांकडे पाठ करून आपण फोटोला उभं राहतो, त्याच डोंगरांच्या कुशीत एक जबरदस्त लढाई झाली होती, हे कितीजणांना ठाऊक असतं?

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की पुढे आत चावणी गाव आहे. खालापूर तालुक्यातलं. हीच उंबरखिंड! फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला होता. शिवाजी महाराजांनी त्याला या गर्द झाडीत, अरुंद वाटेवर गाठलं. पुढची वाट बंद, मागचीही बंद. अखेर सोबतच्या रायबाघनच्या सल्ल्यानं खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. आज तिथं विजयाचं स्मारक उभं आहे.

विजयाचं स्मारक होतं, शहिदांना सलामी मिळते. पण जो जगला, जखमी होऊन घरी आला, त्याचं काय?

महाराजांकडे याचं उत्तर होतं. उंबरखिंडीच्या सव्वा वर्ष आधी, १६५९ मध्ये अफझलखानाचा पाडाव झाला. त्यानंतर जखमी मावळ्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले गेले, अशी नोंद सभासद बखरीत आहे. शौर्याचं कौतुक आणि जखमेची काळजी, दोन्ही एकाच दरबारात!

एक्स्प्रेस वेच्या दुसऱ्या टोकाला

आता तोच एक्स्प्रेस वे पकडा आणि पुण्याला या. खडकीत १९७४ पासून लष्कराचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालची, कधी मानेखालची हालचाल गमावलेल्या जवानांसाठीचं. इथं व्हीलचेअर बास्केटबॉल रंगतो, हात चालत नाहीत ते तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

अशा दुखापतीत ऑपरेशन ही फक्त सुरुवात. थोड्या थोड्या वेळानं अंग उचलायचं, नाहीतर बेडसोअर होतात. पलंगावरून खुर्चीत कसं यायचं, लघवीचं इन्फेक्शन कसं टाळायचं, सगळं नव्यानं शिकायचं. डॉक्टर समजावतात, फिजिओथेरपिस्ट करून घेतात. पण ‘जमतं रे, मीही याच खुर्चीत आहे’ हे पटतं ते आधी त्यातून गेलेल्या जुन्या फौजीकडूनच. पंचविशीतल्या पोराला सहानुभूती नको असते, सीनियर हवा असतो. तुमच्या-आमच्या पहिल्या जॉबसारखंच!

पुढची इनिंग

अशा दोन सीनियर्सची नावं तर माहीत हवीतच. पहिले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करातला हा बॉक्सर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून जायबंदी झाला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. व्यायाम म्हणून पोहणं सुरू केलं आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक पटकावलं. पद्मश्री मात्र मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी!

दुसरे मेजर जनरल इयान कार्डोझो, जन्मानं मुंबईकर. १९७१ मध्ये सुरुंगावर पाय पडला, तेव्हा चिरफाळलेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीनं कापून टाकला. पुण्यात कृत्रिम पाय बसवला गेला आणि पुढे त्याच पायावर त्यांनी बटालियनची, मग ब्रिगेडची कमान सांभाळली. ‘तुला आता झेपणार नाही’ म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कुठलं?

आपण काय करू शकतो?

७ डिसेंबरला ध्वजदिनाचा स्टिकर शर्टाला लावणं ठीकच, निधीही जरूर द्या. पण त्यापलीकडेही बघा. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली सुरू झालेली. अपंगत्व आलेल्या जवानांना तिथं नव्या कामाचं शिक्षण मिळतं. शिकून बाहेर पडलेल्या अशा माणसासाठी तुमच्या ऑफिसात जागा आहे का? दारात रॅम्प आहे का? व्हीलचेअर जाईल एवढं टॉयलेटचं दार रुंद आहे का? सोमवारी एचआरला विचारून तर बघा. तिथं नोकरी देताना दया दाखवायची नाहीये. कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवणारा माणूस कुठल्या टीमला नको असतो?

आणि पुढच्या वीकेण्डला खालापूरला थांबाल, तेव्हा वडा जरूर खा, पण थोडी वाट वाकडी करून उंबरखिंडही बघा. स्मारकासमोर हात जोडताना, या युद्धांमधून जे परत आले त्यांचीही आठवण ठेवा. त्यांची लढाई रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत येण्यापासून सुरू होते.