चांदीच्या जुन्या नाण्यांची प्रतवारी
चांदीच्या जुन्या नाण्यांची प्रतवारी : टाकसाळीतून बाहेर पडताना नाण्यावर उमटलेल्या ठशापैकी किती भाग आज शिल्लक आहे, हे तपासून नाण्याची श्रेणी ठरविण्याची पद्धती. नाण्याची किंमत दुर्मिळतेइतकीच त्याच्या स्थितीवरही अवलंबून असते. तथापि प्रतवारीचे महत्त्व केवळ किमतीपुरते नाही. वर्ष, टाकसाळीचे चिन्ह व ठशातील बारीक भेद हा इतिहासाचा पुरावा असून तो झिजलेल्या वा घासलेल्या नाण्यावर वाचता येत नाही.

नाणी पारखण्याची कला भारतात जुनी आहे. मोगल व मराठा अमदानीत सराफ रुपयाचे वजन, कस व टाकसाळ पाहून बट्टा आकारीत आणि पारखलेल्या नाण्यावर पुष्कळदा लहानशी खूण उमटवीत. स्थितीच्या दृष्टीने अशी खूण हा दोष असला, तरी नाणे व्यवहारात फिरल्याचा तो पुरावाही होय. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅ.) वजनाचा व ११/१२ शुद्ध चांदीचा एकसारखा रुपया यंत्रावर पाडण्यास प्रारंभ केला. त्यामुळे मूळ ठशाशी तंतोतंत तुलना करणे शक्य झाले. १९०६ च्या भारतीय नाणे अधिनियमाने प्रमाणित वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट झालेला रुपया विधिग्राह्य मानला नाही. चलनाच्या दृष्टीने झीज वजनात मोजली जाई. प्रतवारीत ती ठशाच्या तपशिलात मोजली जाते.

झीज व ठशातील उणीव : नाणे हाताळले जाताना त्याचे उंच भाग प्रथम झिजतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर मुकुट, गाल, केस व पोशाखावरील नक्षी आणि सातव्या एडवर्डच्या रुपयावर कानावरील केस व दाढी हे भाग त्यासाठी भिंगाखाली पाहतात. हाताने पाडलेल्या मोगल व मराठा रुपयांना मात्र हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांचा ठसा बहुधा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग मुळातच चकतीबाहेर राही. ही झीज नव्हे. ठसा कमी उमटलेला असल्यास शेजारची अक्षरे धारदार दिसतात व पृष्ठभाग मूळचाच राहतो. झिजलेल्या नाण्यावर मात्र अक्षरांच्या कडा गोलसर व पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

श्रेणी : रूढ श्रेणी चढत्या क्रमाने फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन व अनसर्क्युलेटेड अशा आहेत. ‘फाइन’ नाण्यावर लेख पूर्ण वाचता येतो, पण बारीक नक्षी बरीच पुसलेली असते, ‘एक्स्ट्रीमली फाइन’वर केवळ सर्वांत उंच भागी किंचित झीज आढळते, शेवटच्या श्रेणीत झीज मुळीच नसते. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली. पुढे ती इतर नाण्यांसही लावली जाऊ लागली.

रंग व सफाई : हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचे काळसर पटल बसते. सावकाश व एकसारखे चढलेले पटल हा दोष मानीत नाहीत. नाणे अयोग्य रीतीने साफ करणे हा मात्र भरून न येणारा दोष होय. लक्ष्मीपूजनासाठी घरचे रुपये चिंच, राख वा रांगोळीने घासले जातात. त्यामुळे ते चकचकीत दिसले, तरी धातूचा वरचा थर व त्याबरोबर बारीक तपशील निघून जातो. ठसा उमटताना धातू वाहून सूक्ष्म रेषा तयार होतात व त्यांमुळे नाणे दिव्याखाली फिरविले असता प्रकाशाचे पट्टे सरकताना दिसतात. घासलेल्या नाण्यावर ही झळाळी नसते. भिंगातून समांतर ओरखडे व खोलगट भागी अडकलेला मळ दिसतो. दागिन्यात वापरलेल्या नाण्याच्या कडेवरील डाखाच्या खुणाही श्रेणी उतरवितात.

अस्सलपणा : प्रतवारीपूर्वी नाणे अस्सल असल्याची खात्री करावी लागते. ओतीव बनावट नाण्यावर सूक्ष्म छिद्रे, बोथट अक्षरे व कडेवर सांधा आढळतो. ११/१२ शुद्धतेच्या रुपयाची सापेक्ष घनता सु. १०·३ असते; १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आल्याने त्यानंतरच्या रुपयांची ती कमी भरते. नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकण्याच्या जुन्या रीतीमुळे कडेस इजा पोहोचते. म्हणून वजन व घनता यांची चाचणी अधिक सुरक्षित समजतात.

जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर सिल्व्हर क्लोराइडचे व मातीचे थर असतात. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. अशी नाणी न घासता, न विखुरता सोपविल्यास त्यांचा काळ व परस्परसंबंध ठरविता येतो. नाणे नेहमी कडेला धरून उचलावे आणि कोरड्या जागी, रबर व पीव्हीसी यांचा संपर्क टाळून ठेवावे.