बॉम्बफेकी पथकांचे दप्तर आणि पाठचिकित्सा

कलकत्त्याच्या पूर्व सीमेवर आज जेथे सॉल्ट लेक ही नगरी वसली आहे, तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळी खारी दलदल होती. तीत भराव घालण्यास १९६२ साली प्रारंभ झाला. दलदलीच्या उत्तरेस दमदमचा विमानतळ युद्धकार्यात गुंतला होता. दूर पश्चिमेकडे, मेदिनीपूर जिल्ह्यातील दिग्री व सालबनी येथील तळांवरून ब्रिटिश हवाई दलाची १५९, ३५५ व ३५६ क्रमांकांची पथके लिबरेटर विमाने घेऊन ब्रह्मदेशावर जात. या पथकांच्या अभ्यासकापुढील मुख्य प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास परिचित असा, पाठचिकित्सेचा आहे.

मूळ साधन म्हणजे पथकाची मोहिमांची नोंदवही. ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन होते. तिच्या एका भागात दैनंदिन वृत्तांत असतो. दुसऱ्यात विमानाचा क्रमांक, त्यातील माणसांची नावे, निघण्याची व परतण्याची वेळ. दुसरे साधन विमानकर्म्याची स्वतःची उड्डाणवही; तीत रात्रीची उड्डाणे लाल शाईने नोंदविण्याची प्रथा होती. तिसरे, स्मारकांवरील नामावली. पूर्वेकडील युद्धात ज्यांचे दफनस्थान अज्ञात राहिले, त्या विमानकर्म्यांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथे कोरलेली आहेत. चौथे, कुटुंबांनी जपलेली पत्रे व आठवणी.

ही साधने परस्परांशी जुळेनात, तर निर्णय कसा करावा? महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखठणकर (मृत्यू १९४३) यांच्या संपादनकार्यातील एक तत्त्व येथे उपयोगी पडते: प्रतींची संख्या मोजण्यापूर्वी त्यांची वंशावळ पाहावी. एकाच नोंदवहीवरून लिहिलेली चार पत्रे मिळून साक्ष एकच होते. उलट, स्वतंत्रपणे लिहिलेली एक उड्डाणवहीही नोंदवहीतील चूक उघड करू शकते. न परतलेल्या विमानाविषयी नोंदवही बहुधा 'बेपत्ता' एवढेच सांगते. त्यापुढील हृदयद्रावक तपशील पुष्कळदा मागाहून जोडलेला असतो. स्वतंत्र पुरावा नसेल तर तो प्रक्षेप समजून संहितेबाहेर ठेवावा. मृतांच्या आप्तांशी प्रामाणिक राहण्याचा हाच मार्ग आहे.

मात्र एक उणीव पाठभेदांच्या तुलनेने भरून निघत नाही. उड्डाण करणाऱ्यांची नावे नोंदवहीत आहेत; धावपट्ट्यांसाठी माती वाहणाऱ्या मजुरांची नाहीत. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने आणि १९४३ च्या दुष्काळाने हाच मेदिनीपूर जिल्हा होरपळला होता. त्या दुष्काळावरील बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' (१९४४) हे नाटक पथकांविषयी पुरावा देणार नाही. परंतु ज्या भूमीवरून विमाने उडाली तिची अवस्था जाणून घेण्यासाठी ते नोंदवहीशेजारी ठेवून वाचले पाहिजे.