नव्या चालीवरचें हंससरोवर

जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं असतील, त्यांना पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून छापलेली ती बारीक ओळ आठवत असेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील पदें साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानांत रुळलेल्या चालींवरच रचलीं होतीं. पुढें 'मानापमान' (१९११) नाटकास गोविंदराव टेंबे यांनीं आणि 'स्वयंवर' (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, त्यांतही पुष्कळशा उस्तादी बंदिशींवरून उतरलेल्या. तेव्हां चाल उसनी घेतली म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार निदान मराठी प्रेक्षकाला तरी नाहीं.

हें सर्व आठवावयाचें कारण असें कीं, आमच्या भागांतील एका नृत्यवर्गाच्या विद्यार्थ्यांनीं नुकताच 'हंससरोवर' हा प्रसिद्ध रशियन बॅले केला, आणि त्याचें अर्धें संगीत चायकोव्हस्कीचें तर अर्धें हल्लींच्या हिंदी चित्रपटांतील गाण्यांचें होतें. आमच्या भागाचें नांव बेव्हर्ली पार्क. नांवावरून परदेशाचा भास होतो खरा. पण ही मीरारोडची वस्ती आहे, आणि मीरा-भाईंदर हें नांव आमच्या लहानपणीं मुख्यतः मिठागरांमुळें ठाऊक होतें. आमच्या धाकट्या बंधूंचा चौदा वर्षांचा मुलगा राजपुत्राचें काम करणार, म्हणून घरचीं लहानथोर मिळून आम्ही नऊ माणसें गेलों. 'मुलग्यानें घट्ट विजार घालून नाचावें हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं,' असें आमच्या काकांनीं आधींच सांगून ठेवलें होतें. तरी गाडींत पहिले तेच जाऊन बसले.

कथा थोडक्यांत अशी. ओडेट नांवाची राजकन्या मांत्रिकाच्या करणीनें दिवसा हंसी होते आणि रात्रीं मनुष्यरूपांत येते. जन्मभर एकनिष्ठ राहणाऱ्या पुरुषाच्या वचनानेंच तिची सुटका व्हावयाची. राजपुत्र तसें वचन देतो. पण दरबारांत मांत्रिक आपली मुलगी ओडिल हिला ओडेटच्याच रूपांत घेऊन येतो, आणि राजपुत्र फसतो.

आमच्या शेजारच्या खुर्चीवरील एक गृहस्थ, मूळ कृतीची ही विटंबना आहे, असें सारखे म्हणत होते. पण ही मूळ कृति कोणती? मॉस्कोस १८७७ सालीं पहिला प्रयोग झाला तो फारसा वाखाणला गेला नाहीं. आज जगभर जो पाठ प्रमाण मानतात तो मारियुस पेतिपा आणि लेव इवानोव यांनीं १८९५ सालीं सेंट पीटर्सबर्गला बसवलेला. तोंपर्यंत चायकोव्हस्की वारला होता. रिकार्दो द्रिगो ह्या संगीतकारानें त्याच्या संगीतांतले कांहीं भाग गाळले, क्रम फिरवला, आणि त्याच्याच पियानोच्या कांहीं रचना वाद्यवृंदासाठीं लिहून मध्यें घातल्या. तेव्हां फेरफार झाला एवढ्यावरून रागावण्यांत अर्थ नाहीं. तो कोठें साधला आणि कोठें फसला, हें पाहणें अधिक उपयोगाचें.

पहिला प्रवेश साधला. राजवाड्याऐवजीं गच्चीवरचा वाढदिवस, आणि त्यावर वाढदिवसाला वाजतें तसलेंच गाणें. त्यांत खटकण्यासारखें कांहीं नव्हतें. दुसऱ्या प्रवेशांत सरोवर आलें आणि संगीत मूळचें सुरू झालें. चार लहान हंसिणी हातांत हात गुंफून, माना एकदम वळवीत, एका लयीत पुढें सरकल्या, आणि इतका वेळ कुजबुजणारें सभागृह निःशब्द झालें. (वर्गाच्या बाईंनीं ह्या लहान मुलींना पंजांच्या टोकांवर उभें केलें नव्हतें, हें आम्हांला फार आवडलें. पायाचीं हाडें आणि स्नायु पुरते तयार होण्यापूर्वीं टोकाचे कडक बूट चढवणें म्हणजे पायाचें कायमचें नुकसान. हौसेच्या भरांत पुष्कळ पालकांना हें कळत नाहीं.)

फसलें तें तिसऱ्या प्रवेशांत. काळी हंसी ओडिल दरबारांत येते. येथेंच १८९५ सालीं पिएरिना लेन्यानी हिनें एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेऊन लोकांना थक्क केलें होतें. आमच्या ओडिलनें बाराएक घेतल्या, आणि सतरा वर्षांच्या मुलीला त्या सोप्या नव्हेत. पण त्या वेळीं एक अतिशय लोकप्रिय गाणें लावलेलें. दुसऱ्या ओळीपासून निम्मे प्रेक्षक तें म्हणूं लागले, मोबाइलचे दिवे हलूं लागले, शिट्ट्या झाल्या. त्या मुलीच्या पायांकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. दुसऱ्या दिवशीं काका म्हणाले, 'त्या गाण्याला मीं डोळे मिटून घेतले. कांहीं चुकल्यासारखें वाटलें नाहीं. तळ्याच्या वेळीं मात्र मिटवेनात.'

आमच्या मतें भेद येथें आहे. अण्णासाहेबांनीं चाल उसनी घेतली, पण शब्द आपले घातले. ओळखीच्या सुरावर कोणती नवी गोष्ट येते म्हणून प्रेक्षक कान टवकारून बसे. येथें चालीबरोबर शब्दही जसेच्या तसे आले. सगळें आधींच ठाऊक, मग डोळ्यांनीं करावयाचें काय?

ओळखीच्या गाण्यावर बॅले होतच नाहीं असें मात्र नव्हे. ट्वायला थार्प ह्या बाईंनीं १९७३ सालीं अमेरिकेंतील जॉफ्री बॅले मंडळीसाठीं 'ड्यूस कूप' बसवला, तो बीच बॉइज ह्या मंडळींच्या घरोघर पाठ असलेल्या गाण्यांवर. पण त्यांत एक नर्तकी बॅलेच्या शास्त्रोक्त पदन्यासांची वर्णानुक्रमानें उजळणी करीत राहते, बाकीचे तरुणांचे चालू नाच नाचतात, आणि मागच्या पडद्यावर मुलें प्रत्यक्ष रंग फवारून लिहीत असतात. गाणें एक सांगतें, पाय दुसरें. मॅथ्यू बोर्न ह्यांनीं १९९५ सालीं लंडनमध्यें उलट वाट धरली. चायकोव्हस्की कायम ठेवला आणि हंस सगळे पुरुष केले.

आमच्याकडेही एके ठिकाणीं असें घडलें. वधू निवडण्याच्या वेळीं वरातींत वाजणारें एक गाणें दणदणूं लागलें, सगळा दरबार नाचूं लागला, आणि राजपुत्र मध्यें निश्चळ उभा. गाण्याचें कडवें संपेपर्यंत तो हलला नाहीं. मग एकच पाऊल, तेंही लयीच्या विरुद्ध, मागें टाकलें. त्या क्षणीं कोणी गाणें म्हणत नव्हतें. पुतण्या म्हणून आमचें मन पक्षपाती असेल, पण शिट्ट्याही थांबल्या होत्या हें खरें.

मुलग्यांच्या नाचाविषयीं काकांना आम्हीं उदय शंकरांची आठवण दिली. आना पावलोवाबरोबर १९२३ सालीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत ते कृष्ण होऊन नाचले होते. मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह ह्या मुंबईकडच्या साध्या घरांतील दोन मुलांच्या हकिकतीवर सूनी तारापोरवाला यांनीं काढलेला 'ये बॅले' (२०२०) हा चित्रपटही त्यांना दाखवला. ते शेवटपर्यंत बसले, बोलले कांहीं नाहींत.

वर्गाच्या बाईंना आम्हीं सुचवलें कीं, काळ्या हंसीला चाल तीच ठेवावी, शब्द काढावे, आणि ती सनईवर वाजवून घ्यावी. त्या हंसल्या. म्हणाल्या, तिकिटें पालकच घेतात आणि पालकांना गाणीं हवीं असतात; तरी पुढल्या खेपेस एका प्रवेशांत करून पाहूं. पुढल्या खेपेस राजपुत्र दहावींत असेल. वर्षभर वर्ग बंद ठेवावा असें त्याच्या आईचें म्हणणें आहे. आठवड्यांतून एक दिवस तरी जाऊं द्यावें, असें काका म्हणतात.