पाच लिटरचा डबा आणि घटलेले कष्ट : स्निग्ध आहार व व्यायामाचे प्रकार

बेंगळुरूच्या लालबागेत पहाटेपासून माणसांची रीघ लागते. हैदर अलीने 1760 मध्ये वसवण्यास आरंभ केलेल्या आणि आज सुमारे 240 एकरांवर पसरलेल्या या बागेत निवृत्त अधिकारी, गृहिणी, संगणक अभियंते झपझप चालताना दिसतात. तासाभराने त्यांतील काही मंडळी जवळच्या एमटीआरसारख्या जुन्या उपाहारगृहाकडे वळतात आणि तुपाने माखलेला मसाला डोसा मागवतात. ‘चाललो आहोत, तेव्हा चालते’ असा त्यामागचा हिशेब असतो. शेतकरी कुटुंबातही हाच हिशेब निराळ्या शब्दांत मांडला जातो: कष्टाचे शरीर आहे, तेला-तुपाने काय होणार?

हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनांपासून 4. म्हणजे 20 ग्रॅम जादा तुपाचे 180 किलोकॅलरी झाले. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास साधारण 200 किलोकॅलरी खर्ची पडतात. कागदावर जमाखर्च जुळला. परंतु शरीर केवळ बेरीज-वजाबाकी करीत नाही. जादा मेद कोठे साठतो आणि स्नायू त्याचे काय करतात, यावर आरोग्य अवलंबून असते, आणि येथेच व्यायामाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

वर्तमानपत्रांत ‘स्निग्ध आहाराचे दुष्परिणाम व्यायामाने टळले’ अशा आशयाच्या बातम्या येतात. त्यांतील पुष्कळशा उंदरांवरील प्रयोगांच्या असतात. अशा प्रयोगांत उंदरांना एकूण ऊर्जेपैकी 45 किंवा 60 टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून देण्याचा प्रघात आहे. त्यांच्या नेहमीच्या खाद्यात हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणून असे निष्कर्ष आपल्या ताटाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र शरीरातील यंत्रणा समजण्यास ते उपयोगी पडतात.

ही यंत्रणा थोडक्यात अशी. गरजेपेक्षा अधिक ऊर्जा मिळत राहिली की त्वचेखालील मेदाची कोठारे भरतात आणि उरलेला मेद यकृतात, आतड्यांभोवती व स्नायूंच्या पेशींत शिरतो. स्नायूंत साचलेल्या मेदापासून होणारे काही पदार्थ इन्सुलिनच्या संदेशात अडथळा आणतात. जेवणानंतर इन्सुलिनच्या साहाय्याने रक्तातील साखर उचलण्याचे काम मुख्यतः स्नायूच करतात. त्यांनी दाद दिली नाही की साखर रक्तातच रेंगाळते. व्यायाम येथे एक वेगळी वाट उघडतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची गरज लागत नाही.

चालणे, सायकल चालवणे, पोहणे अशा दमश्वासाच्या व्यायामात मेदाचे ज्वलन अधिक काळ चालू राहते. यकृतातील व पोटातील खोलवरचा मेद कमी करण्यात हा प्रकार वजने उचलण्यापेक्षा सरस ठरल्याचे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. आदल्या दिवशी किंवा जेवणापूर्वी केलेल्या अशा व्यायामामुळे स्निग्ध जेवणानंतर रक्तात होणारी ट्रायग्लिसराइडची वाढही मर्यादित राहते. मात्र हा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो. आठवडाभराचे चालणे रविवारी एकदम उरकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जोर, बैठका, वजने यांसारख्या प्रतिकारात्मक व्यायामांचे काम वेगळे आहे: ते स्नायू टिकवतात, वाढवतात आणि त्यांची साखर उचलण्याची क्षमता सुधारतात. दोन्ही प्रकार एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवताना, शिवाय किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम करण्यास सांगितले ते याचमुळे. आपल्याकडे त्यातील पहिला भाग सर्वांना पाठ आहे; दुसरा बहुतेकांच्या कानावरच आलेला नाही.

आणि भारतीयांना नेमका तोच अधिक आवश्यक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. परंतु वजन एवढे कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. कमतरता होती ती स्नायूंची. पुढे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. एक मॅरेथॉन धावणारे, तर दुसऱ्यांचा व्यायाम लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ती गाठण्यापुरता, असा मिस्कील उल्लेखही त्यांनी केला होता. दिसायला सडपातळ असलेला शेतकरी निर्धास्त राहू शकत नाही, हे या एका छायाचित्रावरून समजते. दिल्लीत डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटाने मधुमेही भारतीयांकडून बारा आठवडे क्रमाक्रमाने वाढणारा प्रतिकारात्मक व्यायाम करून घेतला, तेव्हा बीएमआय न घटताही त्यांची इन्सुलिन-संवेदनक्षमता सुधारल्याचे 2008 मध्ये नोंदवले गेले. वजनकाटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांसाठी ही मोलाची नोंद आहे.

कोल्हापूरच्या तालमींनी हे ज्ञान अनुभवातून मिळवले होते. जोर-बैठका, लढत आणि त्यावर दूध, तूप, बदामाची थंडाई असा तो क्रम. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतही ‘गरडी मने’ म्हणजे तालमी आहेत. करगा उत्सवात मान असलेले तिगळ समाजाचे वीरकुमार तेथे अंग कमावतात. हा समाज परंपरेने बागायतदारांचा, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटावी. सरावातील मल्लाला तूप पचते, कारण त्याचे स्नायू ते रोज जाळतात. खेळाडूंच्या स्नायूंतही मेद भरपूर आढळतो, पण तो सतत वापरात असल्याने इन्सुलिनला अडवत नाही. मल्लाने आखाडा सोडला आणि खुराक तोच ठेवला की पोट सुटते, हे तर गावोगाव पाहिलेले आहे.

आज शेतीचा आखाडाही बराचसा सुटला आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, मोट जाऊन पंप आला, बाजारहाट दुचाकीवर होते. हे सुखाचेच आहे. बायाबापड्यांचे कष्ट वाचले याबद्दल कोणाला खेद वाटण्याचे कारण नाही. पण खुराक त्या प्रमाणात उतरला नाही. देशातील खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला सुमारे 19 ते 20 किलो, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅमहून अधिक झाला आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक तेल आपण आयात करतो. आयसीएमआर-इंडियाब या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे 39.5 टक्के आहे.

गंमत अशी की गोठ्यात आपण हा नियम काटेकोर पाळतो. बेंगळुरूच्याच आडुगोडी भागात 1995 पासून राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था कार्यरत आहे. पशुपोषणशास्त्र सांगते की, गाईच्या एकूण शुष्क आहारात स्निग्धांश 6 ते 7 टक्क्यांपुढे गेला की कोठीपोटातील सूक्ष्मजीवांचे चारा पचवण्याचे काम मंदावते. जास्त दुधाच्या गाईला जादा ऊर्जा हवी असते, म्हणून तिला कोठीपोटात न विरघळणारे बायपास फॅट दिले जाते. तीच गाय आटवली की खुराक कमी होतो. भाकड काळात लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर खाणे सोडते, अंगातील चरबी यकृतात उतरते आणि तिला किटोसिस जडतो, हे पशुपालक जाणतो.

माणसासाठीही असे कोष्टक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींत तेल, तूप, लोणी असे दृश्य स्निग्ध पदार्थ कामाच्या स्वरूपानुसार ठरवलेले आहेत: बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला 25 ग्रॅम, मध्यम श्रमाच्या पुरुषास 30 आणि अवजड श्रमाच्या पुरुषास 40, स्त्रियांसाठी अनुक्रमे 20, 25 व 30. दोन पुरुष व दोन स्त्रिया असलेले घर खरोखर अवजड कष्ट करीत असेल, तर महिन्याला 4.2 किलो होतात, म्हणजे पाच लिटरच्या डब्यात थोडे तेल उरावे. तेच घर बैठ्या कामाचे झाले असेल, तर 2.7 किलो, जेमतेम तीन लिटर. साजूक तूप, वडापाव आणि लग्नाच्या पंगती याच तीन लिटरांत मोजायच्या आहेत. तेल करडईचे की शेंगदाण्याचे, हा प्रश्न त्यानंतरचा. घाण्याचे तेलही ग्रॅमला 9 किलोकॅलरीच देते.

व्यायामासाठी वेगळी साधने लागत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला किंवा ओट्याला टेकून काढलेले जोर, पाण्याने भरलेल्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन मारलेल्या फेऱ्या, आणि रोज अर्धा तास भरभर चालणे एवढे पुरेसे आहे. आरंभ थोड्यापासून करावा आणि जोर लावताना श्वास कोंडू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्यांनी व मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते, म्हणून त्यांनी खिशात साखरेचे चार खडे ठेवावेत.