कथेचा काला : चित्रमालिकेचा शेवट कां फसतो ?

मानोरा हें वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. बंजारा समाजाचें श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यांत आहे आणि रामनवमीस तेथें मोठी यात्रा भरते. वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणें या भागासहि हरिनाम सप्ताहाची रीत परिचित आहे. सप्ताहाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचा शेवट आरंभींच ठरलेला असतो. वीणा उभी राहिली कीं सातव्या दिवसानंतर काल्याचें कीर्तन होणार, आणि दह्या-लाह्यांचा प्रसाद हातावर पडल्यावांचून कोणी घरीं परतणार नाहीं, हें लहान मुलासहि ठाऊक असतें.

दूरचित्रवाणीनें मुलांच्या घरीं दुसऱ्या प्रकारची कथा आणिली. अद्भुत शक्तीच्या नायकांची ही कथा आठवड्यामागून आठवडे चालते. परंतु तिचा काला कोणत्या दिवशीं, हें मुलास कोणी सांगत नाहीं. पुष्कळदां तें कथा सांगणारांसहि ठाऊक नसतें. मग एके दिवशीं शेवटचा भाग येऊन जातो, आणि मूल विचारतें, "पुढें काय झालें ?" या प्रश्नास उत्तर कां नसतें, हें समजून घेण्याजोगें आहे.

'टीन टायटन्स' ही अमेरिकेंतील कार्टून मालिका याचें बोलकें उदाहरण होय. १९ जुलै २००३ रोजीं ती कार्टून नेटवर्क वाहिनीवर सुरू झाली व १६ जानेवारी २००६ रोजीं संपली. रॉबिन, स्टारफायर, सायबॉर्ग, रेव्हन आणि बीस्ट बॉय हे पांच तरुण वीर एका नगराचें रक्षण करितात. त्यांच्यांत टेरा नांवाची एक मुलगी येते. दगडमाती इच्छेनें हालविण्याची शक्ति तिच्या अंगीं आहे. पण त्या शक्तीवर तिचा ताबा नाहीं. स्लेड नांवाच्या दुष्टाच्या नादीं लागून ती मित्रांचा द्रोह करिते, आणि अखेर ज्वालामुखीपासून नगर वांचवितांना स्वतः शिळा होऊन राहते. अहल्येची कथा ऐकलेल्या मुलास ही शिळा पुन्हां जिवंत होईल अशी आशा वाटली, तर त्यांत नवल तें काय ?

शेवटच्या भागांत बीस्ट बॉयला टेरासारखी हुबेहूब दिसणारी एक शाळकरी मुलगी आढळते. गुहेंतील शिळा नाहींशी झालेली आहे. तो तिला जुन्या आठवणी सांगतो. ती त्याला ओळखत नाहीं, अथवा ओळखूं इच्छीत नाहीं. ती टेराच होती कीं नव्हे, हें उलगडत नाहीं. इकडे त्याचे सोबती एका विलक्षण पांढऱ्या राक्षसाशीं झुंजत असतात; ज्या वस्तूस तो स्पर्श करील, तिचेच गुण त्याच्या अंगीं येतात. मुलगी बीस्ट बॉयला परत जावयास सांगते, तो सोबत्यांच्या मदतीस धांवतो, आणि येथेंच मालिका संपते. राक्षसाचें पुढें काय झालें, तें कळत नाहीं. त्याच वर्षीं या वीरांचा एक चित्रपटहि निघाला; पण त्यानेंहि या गांठी सोडविल्या नाहींत. अनेक प्रेक्षकांची निराशा झाली ती यामुळेंच.

असें होण्याचें पहिलें कारण हिशेबाच्या वहींत सांपडतें. या मालिकेचे भाग ६५ होते. 'स्पायडर-मॅन' या १९९४ ते १९९८ च्या मालिकेचे भागहि ६५ च. तिचा नायकहि हरवलेल्या मेरी जेनच्या शोधास निघतो आणि तो शोध प्रेक्षकांस कधींच दाखविला जात नाहीं. हा आंकडा अमेरिकेंतील मुलांच्या कार्यक्रमांत वारंवार दिसतो. आठवड्याचे पांच दिवस रोज एक भाग दाखविला, तर ६५ भाग १३ आठवडे पुरतात. १३ आठवडे म्हणजे वर्षाचा चवथा हिस्सा. एवढा सांठा झाला कीं तोच वर्षांतून चार वेळां फिरवितां येतो. नवे भाग काढण्याचा खर्च मग वाहिनीस जड वाटूं लागतो. कथा कोठवर आली आहे, हा विचार त्या हिशेबांत मागें पडतो.

दुसरें कारण कामाच्या पद्धतींत आहे. संहिता अमेरिकेंत लिहावयाची, चित्रें मात्र पुष्कळदां कोरियांतील चित्रशाळांत काढून घ्यावयाचीं, असा क्रम असल्यानें एक भाग तयार होण्यास कित्येक महिने लागतात. पुढील वर्षाची मंजुरी मिळेल कीं नाहीं, हें कळण्यापूर्वींच लेखकास लेखणी उचलावी लागते. दार लावावें कीं उघडें ठेवावें, अशा पेचांत तो तें अर्धवट लोटून ठेवितो.

तिसरें कारण नायकांच्या घडणींतच आहे. कोणताहि भाग कोणत्याहि दिवशीं दाखवितां यावा, म्हणून प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व कांहीं पूर्ववत् करावें लागतें. न बदलण्यासाठींच घडविलेल्या नायकास शेवटच्या भागांत एकाएकीं बदलणें कठीण जातें.

हा अनुभव केवळ परदेशी चित्रांचा नाहीं. मुंबईच्या निर्मात्यांची 'शक्तिमान' ही मालिका माणसांनीं वठविलेली. पण तिचें दुःख हेंच. १३ सप्टेंबर १९९७ रोजीं ती दूरदर्शनवर सुरू झाली, आणि जेथें अन्य वाहिन्या पोंचल्या नव्हत्या अशा लहान गांवांतील मुलांसहि शक्तिमान आपला वाटूं लागला. २००५ सालीं मालिका थांबली, ती कथा नीट मिटविल्यावांचून. प्रक्षेपणासाठीं भरावयाची रक्कम वाढत गेली व ती परवडेनाशी झाली, असें नायकाची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनीं पुढें सांगितलें. २०२० च्या टाळेबंदींत ती पुन्हां दाखविण्यांत आली, तेव्हां तेव्हांचीं मुलें आईबाप झालीं होतीं.

मात्र दुःखद शेवट आणि अपुरा शेवट यांत भेद करावयास हवा. टेरा परत येत नाहीं, हें दुःखद खरें. पण तें खोटें नाहीं. गेलेला मित्र जुन्या रूपांत परत मिळत नाहीं, हें सत्य बालमनास पेलतें, आणि तें सांगण्याचें धैर्य त्या भागानें दाखविलें. राक्षस मात्र अर्ध्यावर सोडला, तें श्रोत्याचें देणें बुडविल्यासारखें झालें. दोन्हींची गल्लत झाल्यानें चांगल्या अर्ध्यालाहि दोष लागला.

शेवट आधीं ठरवून मालिका रचितां येते, याचा पुरावाहि आहे. 'अवतार' ही आंगनामक बालवीराची चित्रमालिका जल, पृथ्वी व अग्नि अशा तीन खंडांत योजिलेली होती. ६१ भागांनीं, १९ जुलै २००८ रोजीं, ती आपल्या ठरल्या मुक्कामास पोंचली. तिची रीत सप्ताहासारखी : वीणा उभी करतांनाच काल्याचा दिवस नक्की.

जेथें तो दिवस नक्की नसतो, तेथें घरांतील वडील माणसांवर थोडें काम येऊन पडतें. मूल हिरमुसलें तर "तें सारें खोटेंच होतें" असें म्हणून त्यास उडवून लावूं नये. त्यानें त्या वीरांवर तीन-चार वर्षें जीव लाविलेला असतो. त्या राक्षसाचें पुढें काय झालें असावें, हें त्यालाच विचारावें, आणि त्याचें उत्तर पुरतेपणीं ऐकून घ्यावें.