ग्वेन स्टेसीचा मृत्यू : स्पायडर-मॅनचे जाळे वेळेवर पोहोचूनही ती का वाचली नाही?

संकट कितीही मोठे असले, तरी महानायक अखेरच्या क्षणी धावून येणारच, हा वाचकांचा विश्वास १९७३ मध्ये एका अमेरिकी चित्रकथेने मोडीत काढला. मार्व्हलच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेच्या १२१व्या अंकात नायक पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी मृत्युमुखी पडली. लेखक होते जेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन.

पीटरची खरी ओळख ठाऊक असलेला शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पळवून न्यूयॉर्कमधील एका पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि तेथून खाली ढकलतो. स्पायडर-मॅनने फेकलेला जाळ्याचा धागा पाण्याला टेकण्याआधीच तिला पकडतो. परंतु वर ओढल्यावर हाती येतो तो तिचा निष्प्राण देह.

इतक्या उंचीवरून पडतानाच माणूस मरतो, असा दावा गॉब्लिन करतो. तो खरा नाही. विमानातून उडी घेणारे छत्रीधारी याहून कितीतरी अधिक उंचीवरून सुखरूप खाली येतात. खरे कारण चित्रातच होते. धागा ताणला जातो त्या क्षणी ग्वेनच्या मानेजवळ ‘स्नॅप’ हा छोटासा ध्वनिदर्शक शब्द छापलेला आहे. अचानक थांबल्यामुळे बसलेल्या हिसक्याने तिचा मृत्यू झाला, असा खुलासा पुढे याच मालिकेच्या वाचकपत्रांच्या सदरात करण्यात आला.

भौतिकशास्त्रही हेच सांगते. हवेचा अवरोध सोडून दिल्यास ९० मीटर खाली पडलेल्या व्यक्तीचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी १५० किलोमीटर होतो. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीरावर वजनाच्या साडेआठपटींहून अधिक बल येते आणि आधार नसलेल्या मानेला ते घातक ठरू शकते. तोच वेग तीन सेकंदांत कमी केल्यास हे प्रमाण दीडपटीच्या आत राहते. मोटारीतील एअरबॅग आणि गिर्यारोहकांचा ताणला जाणारा दोर याच तत्त्वावर जीव वाचवतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच प्रसंगाच्या आधारे हा नियम समजावून सांगितला आहे.

या कथेचे गांभीर्यही येथेच आहे. ग्वेनला संकटात लोटले शत्रूने, पण तिच्या मृत्यूला निमित्त ठरला तिला वाचवण्याचा प्रयत्न. पुढच्याच अंकात गॉब्लिन स्वतःच्या उडत्या यानाच्या आघाताने मरतो; त्याने पीटरचे दुःख मात्र हलके होत नाही.

२०१४ च्या चित्रपटातही धागा ग्वेनपर्यंत पोहोचतो, तरी ती वाचत नाही. २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये तोच नायक पडणाऱ्या एमजेला वाचवतो. या वेळी तो धाग्यावर विसंबत नाही. स्वतः झेप घेऊन तिला कवेत घेतो आणि तिच्यासह अलगद जमिनीवर उतरतो.